दोन नेट, एक राउटर: लोड बॅलन्सिंग करताना या चुका टाळा

"१०० एमबीपीएसचं एक कनेक्शन आहे, ५०चं दुसरं आहे, दोन वॅनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या दोन लाइनी लागतात असा, राउटरही आणला. मग स्पीड टेस्टला १५० का दिसत नाही?" ओळखीपाळखीत नेटची कामं करून देणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. आणि लोड बॅलन्सिंगमधल्या, म्हणजे दोन लाइनींवर भार वाटण्यातल्या, बऱ्याच भानगडी हे १५० गाठायच्या नादातच सुरू होतात.

एसटी स्टँडवर एकाऐवजी दोन तिकीट खिडक्या उघडल्या की रांग भराभर सरकते. पण तुमचं तिकीट एकाच खिडकीवर निघतं, अर्धं इथे अर्धं तिथे नाही. राउटरही तसाच वागतो. प्रत्येक नवं कनेक्शन उचलायचं, एका लाइनवर टाकायचं आणि संपेपर्यंत तिथेच ठेवायचं. त्यामुळे एकच मोठी फाइल साधेपणाने उतरवत असाल तर वेग १०० नाहीतर ५०. टोरंटसारखी सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतात, म्हणून तिथे दोन्ही लाइनी भरलेल्या दिसतात. दोन लाइनी खरोखर एकत्र वळायच्या तर बाँडिंग लागतं, आणि त्यासाठी पलीकडे इंटरनेटवर त्या पुन्हा जोडणारा सर्व्हर हवा. एकट्या राउटरचं ते काम नाही.

बँक मधेच बाहेर का काढते?

एका सीएच्या ऑफिसात जुलैमध्ये, म्हणजे रिटर्नच्या ऐन गर्दीत, बोलावणं आलं. माणसं पंधरा. लॉगिन होतंय, ओटीपी येतोय, पुढच्या क्लिकला 'सेशन संपलं'. आधी कोणीतरी मायक्रोटिकच्या राउटरवर पीसीसी (कनेक्शन लाइनींमध्ये वाटायची तिथली सोय) लावून दिलं होतं आणि वाटणी आयपी पत्ता आणि पोर्ट (कनेक्शनच्या टोकाचा क्रमांक) दोन्हींवरून ठेवली होती. कारण उघड आहे. तशी वाटणी केली की स्पीड टेस्टला दोन्ही लाइनींची बेरीज दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

पण पोर्ट दर कनेक्शनला बदलतो. म्हणजे एकाच कॉम्प्युटरचं पहिलं कनेक्शन एका लाइनवरून, दुसरं दुसरीवरून. बँकेला एकाच लॉगिनमागे दोन वेगवेगळे पब्लिक आयपी (लाइनचे बाहेर दिसणारे पत्ते) दिसतात आणि ती संशयाने दार लावून घेते. अर्ज एका खिडकीवर दिला आणि पावती दुसरीवर मागितली, तर तिथला कारकून तरी ओळख कशाला दाखवेल?

उपाय सोपा आहे: वाटणीतून पोर्ट काढायचा आणि फक्त दोन्हीकडचे पत्ते ठेवायचे. म्हणजे अमुक कॉम्प्युटर ते अमुक सर्व्हर, वाट कायम एकच. तरी काही ठिकाणी लॉगिन एका सर्व्हरवर आणि पैसे भरायचं पान दुसऱ्यावर असतं, तिथे पुन्हा घोळ होतो. मग सरळ सोर्स पत्त्यावरून, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून, वाटा, एक कॉम्प्युटर एका लाइनला बांधला जातो. पंधरा माणसांत ही वाटणी पुरेशी होते, दोन-तीन मशीन असतील तर मात्र एकीकडे कलते. त्या ऑफिसात मी हेच केलं. स्पीड टेस्टचा आकडा घसरला, मालकांचं तोंड जरा उतरलं, पण रिटर्न भरले जाऊ लागले.

टीपी-लिंकच्या ईआर६०५ राउटरमध्ये याच कामासाठी 'ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग'ची खूण असते, ती काढू नका. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली असेल तर तिच्या एमवॅन३ या वाटणीच्या पॅकेजमध्ये 'स्टिकी' चालू करा, त्याची मूळ मुदत ६०० सेकंद आहे.

टीपी-लिंकवाल्यांसाठी आणखी एक: लाइनचा वेग तिथे केबीपीएसमध्ये भरायचा असतो, १०० एमबीपीएस म्हणजे १०००००. एका लाइनला शून्यं विसरलात तर सगळा भार दुसरीवर जातो. मायक्रोटिकवर १०० आणि ५० साठी पीसीसीचे तीन भाग करा, दोन मोठ्या लाइनला, एक लहानीला.

लाइन मेली, राउटरला पत्ताच नाही

पावसाळ्याआधी रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली. ऑफिसात निम्म्यांचं नेट चालू, निम्म्यांचं ठप्प. दुसरी लाइन आहे, मग असं का? तर लाइन जिवंत आहे का हे बघायला राउटर फक्त गेटवेला, म्हणजे पुढच्याच टप्प्याला, पिंग करत (हाक मारत) होता, आणि गेटवे म्हणजे शेजारच्याच भिंतीवरचा ओएनटी, फायबर जिथे येते तो डबा. तो बिचारा 'मी आहे' म्हणतच राहणार.

म्हणून पिंग बाहेरच्या पत्त्याला लावा, आणि दोन लाइनींना दोन वेगळे पत्ते द्या: एकीला ८.८.४.४, दुसरीला १.०.०.१. मायक्रोटिकवर हे 'रिकर्सिव्ह राउट' या सेटिंगने करतात. इथे एक खाच आहे. तपासणीचा पत्ता त्या-त्या लाइनला खिळलेला असतो, तेव्हा तोच पत्ता डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) म्हणून वापरू नका. नाहीतर लाइन गेली की डीएनएसही गेलं. डीएनएसला ८.८.८.८ आणि १.१.१.१ ठेवा. नेट कंपनीचं स्वतःचं डीएनएस तर नकोच, कित्येकदा ते दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून आलेल्याला उत्तर देत नाही.

आणि चाचणी करताना राउटरची वॅन केबल उपटून 'झालं बरोबर' म्हणू नका. ओएनटीतून फायबरचं हिरवं टोक काढून बघा, खरी दुर्घटना तशीच होते. टोकाला टोपी घाला, त्यात डोळा घालून बघू नका.

सगळं बरोबर, तरी चालत नाही

दोन्ही ओएनटी १९२.१६८.१.१ वर आणि राउटरची लॅनही (ऑफिसच्या आतलं नेटवर्क) पत्त्यांच्या त्याच मालिकेत, हे इतकं सर्रास आहे की मी आधी तेच बघतो. तिघांना तीन मालिका द्या.

पान उघडायला सुरुवात होते आणि मधेच अडकतं? मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये वेग वाढवण्यासाठी फास्टट्रॅकचा नियम असतो. त्यातून जाणारी पॅकेट मँगलला (कोणतं कनेक्शन कोणत्या लाइनचं याची खूण लावणाऱ्या भागाला) वळसा घालतात, म्हणजे तुम्ही लावलेल्या खुणा त्यांच्यावर लागतच नाहीत. तो नियम बंद करा, किंवा खूण नसलेल्या कनेक्शनपुरता ठेवा.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, बहुतेक जण विसरतात. वाटणी जुन्या आयपीव्ही४ वर केली, पण आयपीव्ही६ एकाच लाइनवरून येतंय. यूट्यूब, फेसबुक आयपीव्ही६ वर चालतात, त्यामुळे सगळी जड वाहतूक गुपचूप त्याच लाइनवर. छोट्या ऑफिसात मी लॅनवर आयपीव्ही६ बंदच करतो. शास्त्रीय उत्तर नाही, पण फोन येत नाहीत.

बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर वॅनचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो सीजीनॅटचा आहे, म्हणजे पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरची मागणी आतल्या कॅमेऱ्याकडे वळवण्यावर) वेळ घालवू नका. शिवाय ज्या लाइनने मागणी आत आली त्याच लाइनने उत्तर जाईल असा नियमही हवा.

सेटिंग सोडून एकदा खिडकीबाहेरही बघा. दोन कंपन्यांच्या केबली एकाच खांबावरून येत असतील तर फांदी पडली की दोन्ही जातील, त्यापेक्षा दुसरी लाइन ४जी किंवा ५जीची घ्या. आणि यूपीएसवर नुसता राउटर नको, दोन्ही ओएनटीही हवेत. त्या सीएच्या ऑफिसात मी निघता निघता वीज गेली, राउटर तेवढा मजेत चालू होता.