डाइव्हमधे इंजिन विझायलंय? आधी डावा हात बघा

लातूर, परभणी, नांदेडकडं सिम (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) खेळणारी पोरं आता बरीच झालीत आणि नवीन येणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतोय, भौ वरून डाइव्ह मारली, म्हणजे नाक खाली करून झेप घेतली, की इंजिन बंद पडायलंय, मॉड्यूलमधे (सिममधल्या विमानात) बग हाय का? बग बिग काही नसतंय राव. नुसत्या डाइव्हनं इंजिन विझत नाही, डाइव्हमधे घुसताना आणि बाहेर निघताना आपण स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) न् थ्रॉटलचं (डाव्या हातातला पॉवरचा दांडा) जे करतो त्यानं विझतंय. म्हणून उपाय पण तिथंच हाय.

पहिलं काम, इंजिन खरंच विझलं का ते बघा. दोन काटे सोबत बघायचे, आरपीएम आणि एक्झॉस्टचं टेंपरेचर. दोन्ही खाली चालले तर फ्लेमआउट, म्हणजे आतली आग गेली. आरपीएम अडकलाय किंवा पडतोय पण टेंपरेचर वर चढतंय, धाडधाड आवाज येतोय, तर तो कॉम्प्रेसरचा (हवा आत दाबणाऱ्या चाकाचा) स्टॉल, आग आत आहेच फक्त हवा नीट वाहत नाही. स्टॉल असंल तर स्टिक ढिली करून नाक हवेच्या दिशेला आणा, थ्रॉटल हळू मागं घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानंच सुटतंय. लोक इथंच गल्लत करतात, स्टॉलला फ्लेमआउट समजून चालू इंजिन स्वतःच बंद करतात.

आता विझण्याचं सगळ्यात कॉमन कारण, निगेटिव्ह जी, म्हणजे वजन उलट्या दिशेला लागणं. खाली टार्गेट दिसलं की गडी सरळ स्टिक पुढं ढकलतोय, सीटवरून उचलल्यासारखं होतंय आणि टाकीतलं इंधन पण तसंच वर छताला जाऊन चिकटतंय, पाइपाचं तोंड राहतंय खाली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली गेलं की मोटर कशी हवा पकडती, अगदी तसं. मिग-२१ सारख्या विमानात यासाठी वेगळी छोटी सोय असती, पण ती थोड्या सेकंदांपुरतीच आणि आफ्टरबर्नर (मागं जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय) चालू असंल तर ती अजून लवकर संपती. त्यामुळं ढकलायचंच नाही. विमान आडवं फिरवून उलटं करा, डोकं जमिनीकडं आलं की स्टिक पोटाकडं ओढा, नाक टार्गेटच्या थोडं अलीकडं आलं की परत सरळ करा. जी पूर्ण वेळ पॉझिटिव्ह राहतोय, इंधन टाकीच्या बुडाशी राहतंय, आणि वरून टार्गेट दिसतं पण चांगलं. सुरुवातीला दिशा चुकल्यासारखं वाटंल, चार संध्याकाळी केलं की हात बसतोय.

दुसरं कारण डावा हात. डाइव्हमधे स्पीड वाढायला लागला की घाबरून थ्रॉटल फाडकन आयडलला (सगळ्यात कमी पॉवरला) ओढायची सवय बऱ्याच जणांना असती. इंधन लगेच कमी होतंय पण कॉम्प्रेसरचं चाक आधीच्या जोरावर फिरतच असतंय, ते हवा तेवढीच आत ढकलतंय, म्हणजे हवा जास्त न् इंधन कमी, आग फुंकून जाती. उंचीवर हे जास्त होतंय कारण तिथं मुळातच इंधन थोडं जात असतंय. आणि उलटं केलं, म्हणजे आयडलवरून झटक्यात फुल मारलं, तर इंधन आधी पोचतंय, हवा मागून येती, टेंपरेचर उडतंय आणि स्टॉल बसतोय. एफ-१६ सारख्या नव्या विमानात कॉम्प्युटर हे सांभाळून घेतोय, जुन्यात तुम्हीच तो कॉम्प्युटर. सोपा नियम धरा, पॉवर काय ठेवायची ते नाक खाली करायच्या आधीच ठरवा, आयडलच्या बऱ्यापैकी वर ठेवा, आणि स्पीड कमी करायचा तो एअरब्रेकनं, म्हणजे हवा अडवायला बाहेर निघणाऱ्या फळीनं.

पण एमई २६२ ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेटला, एअरब्रेकच नाही. आणि त्याचं युमो ००४ इंजिन म्हणजे सगळ्यात नाजूक प्रकार, ६००० आरपीएमच्या खाली थ्रॉटल मुंगीच्या पावलानं सरकवायचा, नाहीतर आग विझती किंवा इंजिनच पेटतंय. खरे जर्मन पायलट बॉम्बरच्या मागून वरून यायचे, खाली उतरून बॉम्बरच्या पातळीच्याही खाली जायचे आणि मग वर ओढून जास्तीचा स्पीड घालवायचे, थ्रॉटलला फारसा हात न लावता. सिममधे पण तसंच करा. उभी डाइव्ह त्यात मारूच नका, माख ०.८६ च्या (आवाजाच्या वेगाच्या ८६ टक्क्यांच्या) आसपास स्टिक ऐकायचंच बंद करती, मग इंजिन चालू असून काय उपयोग.

बंदूक हे तिसरं कारण, ते लोकांना पटतच नाही. गोळीबाराचा गॅस इनटेकमधे (हवा आत घ्यायच्या तोंडात) गेला की इंजिन गुदमरतंय. एव्हन इंजिनवाल्या सुरुवातीच्या हंटर फायटरला हा त्रास होता, ए-१० ला पण झाला, म्हणून ए-१० मधे ट्रिगर दाबला की इंजिनाचं इग्निशन आपोआप चालू होतंय. ज्या सिममधे हे मॉडेल केलंय तिथं लांबलचक बर्स्ट मारू नका, छोटे छोटे मारा.

डाइव्हमधून निघताना एफ-१४ए वाल्यांनी जपून. त्यातलं टीएफ३० इंजिन नाक जास्त वर असताना थ्रॉटल हलवलेला अजिबात खपवून घेत नाही. आधी पॉवर ठरवा, मग ओढा, ओढताना डावा हात गप्प.

एवढं करूनही विझायलंय तर मशीन तपासा. आपल्याकडं मे महिन्यात धूळ कुठं कुठं जाती ते सांगायला नको, स्वस्तातल्या थ्रॉटलच्या पोटेन्शिओमीटरमधे (दांडा कुठं हाय ते मोजणाऱ्या भागात) ती बसली की सिग्नल मधेच शून्यावर उडी मारतोय आणि सिमला वाटतंय तुम्ही आयडलला आणलं. कंट्रोल सेटिंगमधे थ्रॉटलचा एक्सिस (त्याची हालचाल दाखवणारी रेघ) उघडा, थ्रॉटल एकदम सावकाश पुढं मागं करा, रेघ थरथरली किंवा टुणकन उडली तर दोष तिथंच हाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि खालच्या टोकाला थोडा डेडझोन, म्हणजे हलला तरी सिमनं न मोजायची जागा, ठेवा.

आता विझलंच तर. पहिलं म्हणजे विमान सरळ करा आणि उंची असंल तर नाक थोडं खाली ठेवून स्पीड टिकवा, हवेनं चाक फिरत राहिलं तरच परत पेटतंय. थ्रॉटल पूर्ण बंद, म्हणजे आयडल नाही तर स्टॉप, नाहीतर आत कच्चं इंधन साचतंय. मिग-२१ मधे एअर स्टार्टचा स्विच वर करा, इग्नायटरला ऑक्सिजन मिळतोय, मग थ्रॉटल आयडलला आणि टेंपरेचरचा काटा हलायची वाट बघा. काटा हलला तरी लगेच पुढं ढकलू नका, आरपीएम आयडलला स्थिर होऊ द्या. सप्टेंबर २०२५ मधे आपल्या हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला, सिममधे मात्र ते अजून रोज कुणाचा तरी घाम काढायलंय. एफ-१६ मधे ईपीयू (आणीबाणीत वीज न् हायड्रॉलिक देणारं छोटं यंत्र) आपोआप लागतोय, त्याचं हायड्राझिन इंधन साधारण १० मिनिटं पुरतंय, २०,००० फुटाच्या आणि ४०० नॉटच्या खाली आलात की जेएफएसचा (इंजिन फिरवणाऱ्या छोट्या स्टार्टरचा) स्विच स्टार्ट-२ ला टाका. पातळ हवेत वरच्या वर इंजिन परत पेटवत बसण्यात अर्थ नाही, खाली या मग करा.

सरावासाठी डीसीएस या सिमच्या कॉकेशस मॅपवर बातुमी विमानतळाच्या वर ७००० मीटरला मिशन लावा, इंजिन स्वतःच बंद करा आणि परत पेटवा, जमत नाही तोवर शत्रू ठेवूच नका. रात्री खेळत असाल तर आधी यूपीएस चार्ज हाय का बघा. डीसीएसमधे रिप्ले बघताना उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा, कंट्रोलचा चौकोन उघडतोय, त्यात थ्रॉटल कुठल्या क्षणी खाली आला आणि स्टिक किती पुढं गेली ते दोन्ही दिसतंय.