कॅम्परव्हॅनने घाट उतरून कोकणात जाताय? या चुका टाळा

कोल्हापूरहून आंबा घाट उतरायचा, साखरप्यावरून रत्नागिरी, मग गणपतीपुळे, जयगडहून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे गुहागर. कॅम्परव्हॅनसाठी, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, इतका देखणा रस्ता शोधून सापडणार नाही. पण याच वाटेवर लोक अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: गाडीचं वजन आणि उंची विसरून ती कारसारखी चालवली जाते.

सुरुवात पाण्यापासून. १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १०० किलो जास्तीचं ओझं. घाटाआधी ती काठोकाठ भरायची गरज नसते, पाणी रत्नागिरीतही मिळतं.

ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणं ही सगळ्यात धोकादायक चूक. ज्या गिअरमध्ये गाडी तो चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरा आणि इंजिनला गाडी धरू द्या. न्यूट्रल अजिबात नको. करपल्याचा वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर पुढचं वळण गाठायच्या नादाला लागू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबूनही जोर चाकापर्यंत पोचत नाही. रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक पूर्ण निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर मोह होतो तो व्हॅन थेट पुळणीवर नेण्याचा. नेऊ नका. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे, आणि जिथे नाही तिथेही ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण खाली भुसभुशीत असते. चाक रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, ते आणखी खोल जातं. टायरमधली हवा कमी करा, चाकापुढची वाळू फावड्याने काढा, खाली झावळ्या किंवा फळी घाला आणि हळू बाहेर काढा. वेळ मात्र भरतीच्या हातात असते. कोळीवाड्यातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

जेटीवरही हेच गणित उपयोगी पडतं. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि मागचा भाग लांब असलेल्या व्हॅनचा बंपर घासतो. जयगडच्या किंवा गुहागरपुढच्या धोपावे-दाभोळ फेरीच्या जेटीवर पोचलात की आधी खाली उतरून उतार बघा, बोटीवरच्या माणसांना गाडीची लांबी सांगा. ते सांगतील तेव्हाच चढवा, गरज पडली तर पुढच्या फेरीला.

वाड्यांमधल्या गल्ल्या चिऱ्याच्या गडग्यांमध्ये अरुंद असतात, वर विजेच्या तारा लोंबतात. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. शंका आली की एकाने उतरून पुढे चालावं.

मुक्कामाला माडाखालची सावली टाळा, नारळ पडला तर छतावरचं सोलर पॅनेल फुटेल. आणि थंडी वाजली म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवून कधीही झोपू नका. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते, त्यामुळे एलपीजीचा डिटेक्टर खाली जमिनीलगत आणि कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ बसवा आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा.