टॉवेल कोण फेकतो?

माझ्या क्लासला कोल्हापूरच्या तालमीतली पोरं जास्त, म्हणून इंग्रजी वाक्प्रचार मी ‘थ्रो इन द टॉवेल’पासून शिकवतो. तुम्हीपण तसंच करा. आधी विचारा, बॉक्सिंगमध्ये टॉवेल फेकतो कोण? पोरं म्हणतात बॉक्सर. नव्हे, कोपऱ्यातला त्याचा माणूस! आपला गडी आता टिकत नाही असं दिसलं, की तो रिंगणात टॉवेल टाकतो आणि लढत थांबते. म्हणून अर्थ ‘हार मानणे’. १९ व्या शतकात याच कामाला स्पंज उडवत, टॉवेल नंतरचा. मग वाक्यं करून घ्या. खासबागेच्या कुस्ती मैदानात चितपट झालेल्या पैलवानाला मात्र हे लावू देऊ नका. तो शेवटपर्यंत लढलेला असतो. डिक्शनरीत ‘टॉवेल’खाली शोधायला लावा, ‘थ्रो’खाली नुसता पसारा असतो.