जान्केन: जपानी ठेक्यावर दगड-कागद-कात्री

जपानी जान्केनमध्ये मूठ म्हणजे गू, दोन बोटांची कात्री म्हणजे चोकी आणि उघडा पंजा म्हणजे पा. कोण कोणाला हरवतो ते आपल्या दगड-कागद-कात्रीसारखंच. खरी मेहनत ठेक्यावर घ्यायची असते.

समोरासमोर उभे राहा. "साइशो वा गू" म्हणताना दोघांनीही मूठच पुढे करायची; अर्थ, "आधी मूठ". १९८०च्या दशकात विनोदी कलाकार शिमुरा केन यांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे ही सुरुवात जपानभर रुळली. तिने दोघांचा ताल जुळतो. मग हात मागे घ्या, "जान्केन" म्हणा आणि "पोन" या अक्षरावर हात उघडा. बरोबरी झाली तर "आइको देशो" म्हणत "शो"वर पुन्हा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आतोदाशी: समोरच्याचा हात पाहून क्षणभर उशिरा आपला टाकणं. तो डाव धरत नाहीत. टोकियो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखवलेला जान्केन रोबो नेमकं हेच करतो. वेगवान कॅमेऱ्याने माणसाचा हात आकार घेतानाच ओळखतो आणि दर वेळी जिंकतो. आपल्या डोळ्याला तो उशीर दिसत नाही, इतकंच.

माणसाशी खेळताना एक युक्ती जरूर वापरा. बरोबरीनंतर बरेच जण आकार बदलतात. म्हणून ज्या आकारावर बरोबरी झाली, त्याच्यापुढे हरणारा आकार टाका. दोघांचीही मूठ आली होती? आता कात्री काढा. समोरच्याने पंजा काढला तर तुम्ही जिंकलात, कात्री काढली तर पुन्हा बरोबरी. त्याने मूठ तशीच ठेवली तरच फसाल.

पार्टीत दहा जणांनी एकदम हात टाकू नयेत. तिन्ही आकार येऊन किंवा सगळ्यांचा एकच आकार येऊन सुमारे ९५ टक्के वेळा डाव फुकट जातो. चौघांत हे प्रमाण ४८ टक्के असतं. गर्दीत एकाने पुढे उभं राहून सगळ्यांशी खेळावं. त्याला हरवणारेच उभे राहतात, बरोबरीवालेही खाली बसतात. दर फेरीला साधारण एक तृतीयांश उरतात, म्हणजे शंभरातले तीन फेऱ्यांत तीन-चार.

दोघंच उरले की "अच्ची मुइते होइ" घ्या, म्हणजे "तिकडे बघ". आधी जान्केन. जिंकणारा समोरच्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर तर्जनी धरतो आणि "होइ"वर वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे वळवतो. हरलेल्याने त्याच क्षणी मान वळवायची. बोट आणि चेहरा एकाच दिशेला गेले की खेळ संपला, नाहीतर पुन्हा जान्केन. बोट दाखवणाऱ्याने चाल झपाट्याने करावी, कारण हललेल्या बोटामागे मान आपोआप ओढली जाते. मान वळवणाऱ्याने दिशा "अच्ची"लाच ठरवून टाकावी आणि नजर बोटावर न ठेवता समोरच्याच्या कपाळावर ठेवावी.