मणक्यात ‘गॅप’ आलाय? मग या चुका टाळा

सोयाबीनची काढणी उरकली की केज-धारूरकडची मंडळी पिशवीत एमआरआयची फिल्म घालून माझ्याकडे उपचाराला येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, “मणक्यात गॅप आलाय म्हणले, भरून निघंल का?”

घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. गॅप म्हटलं की मणके सुटलेत, हललो तर निखळतील, असं वाटतं. मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. बहुतेक मणक्यांमध्ये चकती असते, बाहेरून चिवट आणि आत पाणी धरणारा गर. वय वाढतं तसं ते पाणी कमी होतं, चकती बसते, मधली जागा आणखी अरुंद होते. म्हणजे गॅप वाढत नाही, घटतो! कंबर कधीच न दुखलेल्या पन्नाशीतल्या माणसाच्या फिल्ममध्येही हे सर्रास दिसतं. केस पिकतात, तसंच हे. म्हणून मी फिल्म नंतर बघते, आधी माणूस चालवून बघते.

भीतीपोटी माणूस महिनाभर बाजेवर पडून राहतो. नुकसान खरं तिथं होतं. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब पडला की पाणी बाहेर, सुटला की आत, अशी ओल्या स्पंजासारखी ती हालचालीवर जगते. एखाद-दोन दिवस आराम ठीक, पुढं अंगणापर्यंत का होईना, चालायचं. रात्रीतून चकत्या फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते. पण तेव्हा त्या ताणलेल्याही असतात. उठल्या उठल्या वाकून शेणाची पाटी उचलू नका, आधी अर्धा तास उभ्यानं वावरा.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाकडून लाथ मारून घेणारे अजून आहेत. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण उतरते, नाव पायाळूचं होतं. पण कळ पायात उतरत असेल तर पाठीवर आघात नकोच. कंबरेचा पट्टाही प्रवासापुरता ठेवा.

शेतात मात्र पात संपेपर्यंत कंबर वर करायची नाही, ही जिद्द सोडा. दर पंधरा-वीस मिनिटांनी उभं राहून, हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागं वाका. उसाची मोळी किंवा पोतं अंगाला चिकटवून उचला आणि वळताना पाय फिरवा, कंबर नको. वाकलेल्या अवस्थेत पीळ पडला की चकतीच्या बाहेरच्या चिवट कड्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो.

मोबाइलवर बघून व्यायाम करणाऱ्यांसाठी एक खूण. व्यायामानंतर पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, दिशा बरोबर आहे. कळ पोटरीकडे उतरू लागली तर तो व्यायाम तिथंच थांबवा, शेजाऱ्याला त्यानं कितीही गुण आलेला असो.

आणि लघवी अडकली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना म्हणून चप्पल निसटू लागली, तर शेकत बसू नका, माझ्याकडेही येऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. शेवटची लघवी किती वाजता झाली, ते आठवून ठेवा. तिथं ते विचारतील.