डिझेल सेडान रिमॅप करताय? या चुका टाळा

ऑक्टाव्हिया भारी की क्रूझ, हा वाद कुठेही सुरू करा, तासभर संपत नाही. एक जण क्रूझचे १६६ पीएस (इंजिनाची ताकद) आणि ३८० न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे ओढ) तोंडावर फेकतो. दुसरा म्हणतो, माझी १४३ चीच असेल, पण गिअरबॉक्स बघ. तेवढ्यात व्हर्नावाला १२८ पीएस घेऊन मध्ये घुसतो आणि शेवटी कोणीतरी सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी चं नाव काढून सगळ्यांना गप्प करतो. इथपर्यंत मजा असते. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, स्टेज १ मार ना!" म्हणजे इंजिन तेच ठेवून त्याच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव, थोडक्यात रिमॅप कर. आणि तिथून पुढे जे होतं ते बघून बघून माझं डोकं उठलंय.

डिझेल पळवण्यात गैर काहीच नाही. १९९८ साली न्युरबुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यूच्या ३२०डी ने जिंकली, तेव्हा डिझेलला ट्रॅक्टर म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पुढच्याच वर्षी बव्हेरियातल्या अल्पिनाने डी१० बायटर्बो आणली. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, २४५ पीएस, ५०० न्यूटन-मीटर. पण ती ताकद काढायला त्यांनी मूळच्या एका टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या) जागी दोन टर्बो बसवले होते. आपल्याकडे लॅपटॉप लावून तासाभरात तोच पराक्रम करून हवा असतो, तोही लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीवर.

हे 'पळालेल्या गाडीवर' नीट लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, फोक्सवॅगन आणि स्कोडाने इथली डिझेल इंजिनं बंद केली, पाठोपाठ आणखी काहींनीही गुंडाळलं. म्हणजे ज्या लॉरा, जेट्टा, व्हेंटो, ऑक्टाव्हियावर आपला जीव आहे त्यातली एकही आता नवी नाही. तरी पोरं विचारतात, "कोणता ट्यूनर चांगला?" गाडी कशी आहे हे कोणी विचारत नाही.

गाडी न तपासता रिमॅप

ओळखीतल्या एका पोराने स्कोडाची लॉरा २.० टीडीआय (टर्बो डिझेल) घेतली. मॅन्युअल, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली, १४० पीएस, ३२० न्यूटन-मीटर. गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात रिमॅप केली. दोन दिवस हवेत होता. मग मित्रांना घेऊन महाबळेश्वरला निघाला आणि पसरणी घाटात गाडीने मान टाकली. लिंप मोड, म्हणजे गडबड दिसली की इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं. बंद करून चालू केली की थोडी ओढायची, पुढच्या चढाला परत तेच. ट्यूनरला फोन लावला तर तो म्हणाला, तुमचा टर्बो वीक आहे, नवा टाका. नव्या टर्बोचं एस्टिमेट ऐकून पोरगं माझ्याकडे आलं. "काका, टर्बो गेलाय म्हणतात."

टर्बो गेला असेल तर शाफ्टला खेळ येतो, शिटीसारखा आवाज बदलतो, तेल जाळल्याचा निळसर धूर दिसतो. यातलं काही नव्हतं. व्हीसीडीएस, म्हणजे गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं सॉफ्टवेअर, लावलं तर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी. हा कोड टर्बो मेल्याचं सर्टिफिकेट नाही. इंजिनाने जेवढी हवा मागितली तेवढी पोहोचली नाही, एवढंच तो सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) काढला. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांच्यात चांगली तीनशे-चारशे मिलिबारची तफावत, आणि तीही फक्त लोड आल्यावर.

गाडी जॅकवर घेऊन खालचं कव्हर काढलं. इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाला तेलकट काळा थर होता, त्यावर धूळ बसून लेप झालेला. या पाइपांत थोडं तेल असतंच, पण बाहेरून ओला पाइप म्हणजे हवा कुठूनतरी निसटतेय. फडक्याने पुसलं आणि बोट फिरवलं. क्लिपच्या शेजारी, वरून न दिसणाऱ्या बाजूला, नखभर लांबीची चीर. इंजिन आयडलिंगला असताना ती मिटलेली असते. आतून दाब आला की ओठ उघडावेत तशी उघडते. मूळ सेटिंगवर ती थोडीच गळत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही. रिमॅपने जास्त बूस्ट मागितला, चीर पूर्ण उघडली, आणि गळणारी हवा भरून काढायला टर्बो बिचारा जास्त वेगाने फिरत राहिला. असाच महिनाभर चालवला असता तर तो खरोखरच गेला असता आणि ट्यूनर म्हणाला असता, बघा, सांगितलं होतं.

पाइप बदलला. गाडी सुटली. आणि पूर्ण टॉर्क चाकांपर्यंत जायला लागल्यावर आठवडाभरात क्लच घसरू लागला! पाचव्या गिअरमध्ये दोन हजारला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर आणि स्पीडोमीटर तिथेच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ड्युअल मास फ्लायव्हील, सगळा सेट. रिमॅपच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त.

त्या ट्यूनरने रिमॅपची फाइल वाईट लिहिली होती असं मी म्हणणार नाही. त्याने आधी लॉग काढला नाही, हा त्याचा गुन्हा. दहा मिनिटांचं काम होतं. आधी लॉग न काढता लॅपटॉप उघडणाऱ्याकडे मी गाडी सोडत नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

आधी लगीन कोंढाण्याचं. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, सगळे बूस्ट पाइप, एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरचं रीडिंग, इंजेक्टरचं (डिझेल फवारणाऱ्या नोझलचं) करेक्शन, क्लच. हे सगळं जागेवर आणून मूळ सेटिंगवर महिनाभर गाडी चालवा. माझा अनुभव असा की निम्म्या लोकांची रिमॅपची हौस तिथेच फिटते, कारण गाडी पहिल्यांदाच कंपनीने दिल्यासारखी पळायला लागलेली असते.

पीएस मोजायचे आणि टॉर्क विसरायचा

वादात सगळे पीएस बोलतात, मोडतोड टॉर्क करतो. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. व्हेंटो १.५ टीडीआय कंपनीतूनच २५० देते. म्हणजे शिल्लक शून्य. त्यावर कोणी तुम्हाला ३०० ची फाइल विकत असेल तर तो तुमचा मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारा भाग) आणि क्लच पॅक यांच्याशी जुगार खेळतोय, पैसे तुमचे लावून. लॉरासारख्या गाड्यांतला सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी त्यामानाने दणकट, ३५० चा. पण त्यातही इंजिनाचा टॉर्क वाढवायचा तर गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर सोबत करावं लागतं आणि दर ६०,००० किलोमीटरला तेल-फिल्टर बदलावाच लागतो. 'सील्ड आहे, लागत नाही' म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून बाहेर पडा.

आणि सहाव्या गिअरमध्ये चौदाशे आरपीएमवर असताना पाय दाबून ओव्हरटेक करण्याची ती सवय. डिझेल ओढतं म्हणून ओढायला लावायचं? खालच्या आरपीएमवर सगळा टॉर्क एकदम आला की फ्लायव्हील आणि क्लचवर सगळ्यात वाईट वेळ येते. गिअर खाली टाका. मी ट्यूनरला नेहमी सांगतो, दोन हजारच्या खाली टॉर्क सावकाश चढव. पोरांना ती फाइल 'मऊ' वाटते, कारण पाठीत धक्का बसत नाही. धक्का म्हणजे वेग नव्हे. वेळ लावून बघा, मऊ फाइलच बहुतेकदा पुढे निघते.

धूर म्हणजे ताकद

मागच्या गाडीला काळ्या ढगात घालवून आरशात बघत हसणारी जमात मला अजिबात आवडत नाही. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा कमी, इंधन जास्त. ते तुमच्या पैशांचं डिझेल आहे, ताकद न देता बाहेर पडतंय, शिवाय एक्झॉस्टचं तापमान वाढवून टर्बो आणि पिस्टन भाजतंय. चांगल्या रिमॅपमध्ये पाय पूर्ण दाबल्यावर क्षणभर पुसट धूर दिसला तर ठीक, सतत दिसला तर ट्यूनरने स्मोक लिमिटर (धूर होऊ नये म्हणून इंधनावर घातलेली मर्यादा) उचलून ठेवलाय आणि बाकी काही केलेलं नाही.

याच्याच पोटातली चूक म्हणजे ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करणं आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कापणं. "डीपीएफ काढ, गाडी मोकळी होईल." डीपीएफ का चोक होतो हे कोणी विचारत नाही. त्यातली काजळी जाळायला साधारण सहाशे अंशांचं तापमान लागतं आणि ते शहरातल्या सिग्नल ते सिग्नल चालवण्यात मिळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवा. तरी वारंवार भरत असेल तर इंजेक्टर गळतोय, ईजीआर अडकलाय किंवा तुमची नवी फाइलच धूर करतेय. डीपीएफ कापला की हे सगळे आजार तसेच राहतात, फक्त सांगणारा गेला. ईजीआरचंही तेच. मी पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास ईजीआर आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून साफ करून घेतो. अर्धा दिवस जातो, हात काळे होतात. जाऊ दे.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला सापडला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. 'सगळेच करतात' हे उत्तर तिथे चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या सॉकेटला) लावायची ऑनलाइन मिळणारी 'पॉवर चिप'. एक उघडून पाहिली. आत लुकलुकणारे दिवे. पुढे बोलायला काही नाही.

रेल प्रेशर सेन्सरला (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्याला) फसवणारे ट्यूनिंग बॉक्स त्याहून बरे, कारण ते निदान काहीतरी करतात. इंजिनाला दाब कमी असल्याचं भासवतात, ते बिचारं पंपाला जास्त पिळतं. पंप आणि इंजेक्टरचं आयुष्य तुमचं, नफा त्यांचा.

चुकीचं तेल. पंप-इंजेक्टरवाल्या जुन्या टीडीआयला ५०५.०१ किंवा तिथे चालणारं ५०७.०० या फोक्सवॅगनच्या मान्यतेचंच तेल हवं. नुसतं 'फुल सिंथेटिक आहे' यावर जाऊन भलतं घातलं की कॅमशाफ्टचे लोब झिजतात. डबा फिरवून मागचा क्रमांक वाचायला किती वेळ लागतो?

घाट चढून लोणावळ्यात वडापाव दिसला की ब्रेक आणि किल्ली एकदमच. मिनिट-दीड मिनिट इंजिन चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोत तेल फिरायचं थांबलं की ते तिथेच जळून बसतं. वडापाव कुठे पळून जात नाही.

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद. सुधारलेला आकडा एका मशीनवरचा आणि मूळ आकडा ब्रोशरमधला, ही तुलनाच नव्हे. आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच गिअरमध्ये. नाही देत म्हणाला तर कागद वहीला कव्हर घालायला वापरा.

टायर आणि ब्रेक. १७० पीएसची गाडी आणि सहा वर्षांपूर्वीचे कडक झालेले टायर. ब्रेक ऑइल कधी बदललं विचारलं की शांतता. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला मर्यादा शंभरचीच आहे, आणि शंभरवरून थांबायलाही चांगले टायर लागतात.

स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली ३२०डी. त्यातल्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. जुन्या गाड्यांत ती झिजते. सकाळी गार इंजिन चालू करून मागून खरखर येते का ऐका, कारण चेन बदलायची म्हणजे सहसा इंजिन खाली उतरवावं लागतं. विकणाऱ्याने तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. अशा गाडीला रिमॅपचा विषयसुद्धा काढू नका.

मूळ फाइल मागून न घेणं

सर्व्हिस सेंटरने इंजिनाचं सॉफ्टवेअर अपडेट केलं की रिमॅप पुसला जातो. हे काल्पनिक नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन गटाने उत्सर्जनाच्या प्रकरणात भारतात ईए१८९ या डिझेल इंजिनांच्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या होत्या आणि त्यातलं मुख्य काम नव्या सॉफ्टवेअरचंच होतं. म्हणून रिमॅपच्या दिवशीच दोन्ही फाइल, मूळ आणि बदललेली, पेनड्राइव्हवर घ्या. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) सॉफ्टवेअर क्रमांक लिहा. अपडेटनंतर जुनी बदललेली फाइल तशीच्या तशी परत ठोकू नका, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असते. गाडी विकायची वेळ आली तर मूळ फाइल परत टाकून घ्या आणि तरीही गिऱ्हाइकाला सांगा की ही गाडी अमुक वर्षं रिमॅपवर चाललीय. ट्यूनर फाइल द्यायला कां-कूं करत असेल तर पैसे द्यायच्या आधी हा विषय काढा. दोन वर्षांनी त्याचा फोन लागेलच असं नाही.