‘सज्ज’ की ‘कंबर कसली’? तयारीचा नेमका शब्द कसा निवडावा

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांच्या मोबाइलवर एकच शब्द फिरू लागतो: सज्ज. प्रशासन सज्ज, अग्निशमन दल सज्ज, नागरिकही सज्ज. २०२७च्या सिंहस्थात तर त्याला उसंत मिळणार नाही. मराठीत या अर्थाच्या आसपासचे शब्द भरपूर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आधी बघा, काम झालंय की चालू आहे? बोटी, दोर, माणसं जागेवर आहेत आणि हाक येताच निघायचं तेवढं उरलंय, तर ‘सज्ज’. दुकानदार अजून माल माळ्यावर चढवत असतील तर त्यांची ‘तयारी चालू आहे’. ‘जय्यत’मध्ये उत्सवाचा थाट असतो. रामनवमीची जय्यत तयारी शोभते. पुराची म्हटली की आपणच त्याला आमंत्रण धाडल्यासारखं वाटतं.

मग बघा, माणूस की वस्तू? कंबर माणसंच कसतात. इमारत किंवा दवाखाना ‘सुसज्ज’ असतो. शिवाय कंबर कसण्यात निर्धार आहे, तयारी पुरी झाल्याची ग्वाही नाही. ऑक्टोबर छाटणीला निफाडचा द्राक्ष बागायतदार कंबर कसतो. पुढे डावणी हा बुरशीचा रोग आहे, अवकाळी पाऊस आहे. त्यांच्यापुढे ‘सज्ज’ म्हणवून घेण्याचं धाडस तो करणार नाही. ‘पदर खोचणे’ बाईचं, आणि त्यात हात लगेच कामाला लागतात: ‘काकूंनी पदर खोचला आणि पंगत उरकली.’ ‘बाह्या सरसावणे’ जपून वापरा, त्याला भांडणाचा वास येतो.

समोर प्रतिस्पर्धी आहे का? दंड थोपटणे, शड्डू ठोकणे हे आखाड्यातलं. महापालिकेच्या निवडणुकीत खुशाल ठोका. पण नाशिककर ज्या मूर्तीवरून पूर मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं असताना गोदावरीपुढे शड्डू कोण ठोकणार? तिथे ‘पुराला तोंड देणे’ म्हणावं.

‘कटिबद्ध’ची गंमत वेगळीच. कटी म्हणजे कंबर. म्हणजे मुळात ही कंबर कसणेच. सरकारी भाषणांनी त्याचं आश्वासन करून टाकलं. आता ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ ऐकून कोणी काम सुरू झालं असं समजत नाही. ‘सतर्क’ म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं. काठावरच्या रहिवाशांनी सतर्क राहायचं, बचाव पथकानं सज्ज.

शेवटी वाक्य मोठ्यानं वाचा. ‘आपली सोसायटी पूरपरिस्थितीसाठी कटिबद्ध आहे’ अशी सूचना लिहून झाली असेल तर खोडा, आणि लिहा: ‘तळमजल्यावरच्या गाड्या हलवल्या आहेत. पंप तपासून ठेवला आहे. रात्री विसर्ग वाढण्याची शक्यता आहे, सतर्क राहावे.’